गोगलगाईचा अर्धा तास

धबधबा किती वाजता सुरू होतो, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय का?

नसेलच विचारलं. दुकान उघडतं, बँक उघडते. धबधबा कसला उघडतोय, असं तुम्हाला वाटणार. आमचा उघडतो. सकाळी दहाला उघडतो आणि संध्याकाळी पाचला बंद होतो. तुम्ही खाली कठड्याला टेकून, तोंडावर तुषार घेत फोटो काढत असता तेव्हा कड्याच्या वर, झाडीमागे, पत्र्याच्या खोलीत एक माणूस बसलेला असतो. तुमचा तो निसर्ग त्याने थोड्या वेळापूर्वी हाताने फिरवून सोडलेला असतो. आत्ताआत्तापर्यंत तरी. मोजून पंधरा फेरे.

त्या माणसाची ही गोष्ट. त्याच्यावर मीही तोंड सोडलं होतं हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला सुनवायला नको.

डोंगरावर एक तलाव आहे, खाणवाल्यांनी बांधलेला. खाणीतून निघालेली दगडमाती धुऊन त्यातला धातू वेगळा काढतात. त्या धुलाईला पाणी लागतं, आणि कितीही द्या, लागतच राहतं. तलावातून एक जाड पाइप उतरतो आणि झाकण घातलेल्या सिमेंटच्या कुंडीत पडतो. कुंडीला तळाशी दोन तोंडं. एकातून पाणी खाणीला जातं. दुसऱ्यातून जुन्या ओढ्यात जातं, आणि तो ओढा कड्यावरून पडला की झाला धबधबा. दोन्ही तोंडांवर झडप आणि झडपेवर लोखंडी चाक. तलाव व्हायच्या आधी ओढा आपल्या मर्जीने वाहायचा. तलावाने तो अडवला. मग कड्याखाली हॉटेलं उभी राहिली, त्यांनी बोंब मारली, आणि खाणवाल्यांचा नि त्यांचा करार झाला : दिवसाचे सात तास पाणी हॉटेलांचं, बाकी सगळे तास खाणीचं.

त्या करारात गाव एकाच ओळीत आहे. ‘जादा पाणी गावास देण्यात यावे.’ जादा म्हणजे केवढं, कधी, कुठून, ते विचारायला आम्ही तीन कचेऱ्या फिरलो. तिसऱ्या कचेरीतल्या कारकुनाने चष्मा काढून आम्हालाच विचारलं, “तुमच्या मते केवढं?” गावातला झरा खाण खोल गेली तेव्हाच आटला होता. तेव्हा आमच्या मते सगळंच.

चाकं फिरवायला ठेवलेला माणूस म्हणजे आमचे काका. माझे सख्खे नव्हेत, गावाचे. अर्धा पगार खाण देते, अर्धा हॉटेलवाले. कामावर ठेवल्याचा कागद मात्र कुणाकडेच नाही. खाणीत विचारलं की म्हणतात, तो हॉटेलांचा माणूस. हॉटेलात विचारलं की म्हणतात, छे, खाणीचा. काका सुट्टी मागायला गेले की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. सतरा वर्षांत त्यांनी परगावी एक मुक्काम केला नाही. सख्खी बहीण गेली तेव्हा दहाचं चाक फिरवून निघाले, तिथे भाच्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चहाचा कप तसाच ठेवून उठले, कारण पाच वाजत आले होते.

गाव त्यांना गोगलगाय म्हणायचं. तोंडावर नाही, पण फार दुरूनही नाही. काका चहा ढवळेपर्यंत त्यावर साय धरते. काकांना सकाळी हाक मारा, ओ दुपारी येते. चाकापाशी तर बघवत नसे. पाव फेरा द्यायचा, थांबायचं, पाइपावर पालथा हात ठेवायचा, कान लावायचा, मग पुढचा पाव फेरा. एक चाक पुरतं बंद झाल्याशिवाय दुसऱ्याला शिवायचं नाही. खाणीचं बंद करून धबधब्याचं उघडायला पाऊण तास. संध्याकाळी उलटं, तरी पाऊण तास. कुणी घाई केली की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं.

“घाईने फिरवलं की पाइपाला दुखतं.”

यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या आधीच्या माणसाने पहिल्याच आठवड्यात चाक झटक्यात बंद केलं होतं. वाहतं पाणी एकदम अडलं, उलटं फिरून दणका दिला आणि पाइपाचा सांधा फुटून तीन दिवस सगळंच बंद पडलं. तेव्हापासून साहेब लोकही काकांच्या नादी लागत नसत. पण पाऊण तास? त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्याच.

आता काकांचं घर बघा. दोन खोल्या, पुढे ओटा. मुलगा खाणीच्या धुलाईवर मशीन चालवतो, कंत्राटावर. सून हॉटेलात खोल्या आवरते, चादरी बदलते. पाणी खाणीकडे कमी गेलं की मुलाची पाळी कापली जाते. धबधबा उशिरा सुरू झाला, गिऱ्हाईक वैतागून निघून गेलं, की सुनेला मॅनेजर म्हणतो, उद्या येऊ नका, खोल्या रिकाम्याच आहेत. म्हणजे काकांनी चाक इकडे फिरवलं तरी आपल्याच ताटातला घास जातो आणि तिकडे फिरवलं तरी आपल्याच. जेवायला बसलं की एका बाजूने मुलगा म्हणणार, बाबा, आज धुलाईला पाणी अर्धा तास उशिरा आलं, मुकादमाने सगळ्यांसमोर तुमचा उद्धार केला. दुसऱ्या बाजूने सून वाढताना पळी जरा जोरात आपटणार. काका मान खाली घालून जेवणार. तेही सावकाश.

राहिल्या काकू. त्यांच्या वाट्याला गावची टाकी.

टाकी शाळेच्या मागे आहे. आतून तीन पायऱ्या बांधलेल्या, त्यावरून आम्ही पाणी जोखतो. दुसऱ्या पायरीला पाणी टेकलं की साठ घरांचा दिवस कसाबसा निघतो. रोज दोन वेळा पाणी यायचं, अर्धा-अर्धा तास, आणि दुसऱ्या पायरीपाशी येऊन थांबायचं. कुठून यायचं, कसं यायचं, कुणी खोलात गेलं नाही. वर कुंडी, कुंडीवर झाकण, भोवती तारेचं कुंपण, कुंपणाला कुलूप, किल्ली काकांच्या कमरेला. पाइपातून येतंय ना, मग ते ‘जादा’ असणार. आम्ही सगळे एवढे शहाणे.

त्या वर्षी गाव वाढलं होतं. हॉटेलांत कामाला बाहेरून आलेली माणसं इथेच भाड्याने राहायला लागली, पायरी पुरेना. बायका रांगेत एकमेकींच्या बादल्या सरकवायला लागल्या. मग सभा झाली. सभा म्हणजे माझं क्षेत्र. मी शिकले ती सातवी, पण अर्ज लिहावा तर मीच, हे साहेब लोकही कबूल करतात. सभेत एकीने मुद्दा काढला, की सकाळ-संध्याकाळ मिळून दीड तास तर त्या गोगलगाईच्या चाकातच जातो. ना खाणीला पाणी, ना धबधब्याला. तो दीड तास वाचवला आणि तेवढं पाणी गावाला मागितलं तर? मला मुद्दा फक्कड वाटला. हिशेब सरळ होता, कुणाच्या तोंडचा घास न काढता गावाला पाणी. मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. ‘चाके हाताने फिरविण्यात अक्षम्य दिरंगाई होते. तरी मोटारीची झडप बसवावी व वाचलेल्या वेळेचे पाणी गावास द्यावे.’ अक्षम्य दिरंगाई हे शब्द मला फार आवडले होते.

सगळ्यांनी सह्या केल्या. काकांच्या सुनेनेही केली, जरा घुटमळून. कागद काकूंपुढे धरला तर त्या म्हणाल्या, “हात ओले आहेत गं.”

मी म्हटलं, पुसा मग. त्यांनी पदराला हात पुसले, पुन्हा बघितले आणि म्हणाल्या, अजून ओलेच आहेत. माझं डोकं तापलं. नवऱ्याची चूक झाकता होय, असं मी चारचौघांत म्हणाले. त्या बादली उचलून गेल्या.

आमच्या अर्जांना उत्तर यायला वर्ष लागतं, कधी दोन. या अर्जाला आठव्या दिवशी आलं. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. खाण आणि हॉटेलं एका कागदावर सही करतात तेव्हा तो कागद आपल्या फायद्याचा नसतो, एवढं तर मला एरवी झोपेतही कळतं. पण आपलं अक्षर त्यांच्या फायलीला टाचलेलं बघून मी फुगले होते.

ठरलेल्या दिवशी सकाळी इंजिनिअर साहेब आले. काका एवढा वेळ का लावतात ते बघायचं होतं. कुंपणाबाहेर सगळा गाव जमला. खाणीचा मुकादम आला, सोबत काकांचा मुलगा. हॉटेलचा मॅनेजर आला. खाली पर्यटकांच्या दोन बसा उभ्या होत्या आणि कोरड्या कड्याकडे बघत माणसं घड्याळं तपासत होती. साहेबांनी पाइपावर टिचकी मारली, पाइपाची जाडी बघितली आणि सांगितलं, आठ मिनिटांत बंद करा, या पाइपाला काही होत नाही, जबाबदारी माझी. त्यांनी मोबाइलवर वेळ लावली.

काकांनी बाह्या सारल्या आणि पाव फेरा दिला. थांबले. पाइपावर हात ठेवला.

आठ मिनिटं झाली तेव्हा चाक पाच फेरेसुद्धा फिरलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, काका, उद्याच्या धबधब्याचं आजच सुरू केलंत वाटतं. लोक हसले. मुकादम मुलाला म्हणाला, बघ रे, बापाला झोप लागली का ते. मुलाचा चेहरा पडला. तो कुंपणाला धरून एवढंच म्हणाला, “बाबा, माझ्यासाठी तरी.”

काकांचा हात क्षणभर चाकावर घट्ट झाला. त्यांच्या दंडाच्या शिरा वर आलेल्या मला दिसल्या. एका हिसक्यात चाक फिरलं असतं, ताकद होती. त्यांनी मुलाकडे बघितलं नाही. पाव फेरा दिला. थांबले.

मग मी तोंड उघडलं. म्हटलं, काका, हात चालवा, साठ घरं तुमच्या आळसावर तहानलेली आहेत. अजून बरंच म्हणणार होते, तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला. काकू होत्या. चल, म्हणाल्या, आणि मला जवळपास ओढतच उतारावरून शाळेमागे घेऊन आल्या.

टाकीत पाणी पडत होतं. मनगटाएवढी धार. टाकीपाशी चिटपाखरू नव्हतं, सगळे वर तमाशा बघायला गेले होते. काकू म्हणाल्या, बस इथे आणि बघत राहा. आम्ही बसलो. धार चालूच होती. पाणी पहिल्या पायरीवर चढलं, दुसरीच्या जवळ आलं. मग वरून कड्याकडून धबधब्याची घरघर सुरू झाली, आधी बारीक, मग मोठी. इकडे धार बोटाएवढी झाली, मग दोरीएवढी. वर धबधबा गर्जायला लागला आणि इथे थेंब-थेंब पडून बंद.

“कळलं?” काकूंनी विचारलं.

कुंडीला तिसरं तोंड आहे. वरच्या अंगाला, लहानसं, कुंडी भरून वाहू नये म्हणून ठेवलेलं. गावचा पाइप त्याला जोडलाय. खालचं कुठलंही तोंड पुरतं उघडं असलं की पाणी तिथूनच निघून जातं, तिसऱ्यापर्यंत चढतच नाही. दोन्ही बंद किंवा मिटत आलेली असली तरच चढतं. आणि दोन्ही तशी असतात ती फक्त एक चाक मिटता मिटता दुसरं उघडेपर्यंत. आठ मिनिटांत काम उरकलं तर गावाच्या टाकीत चूळ भरण्यापुरतं पाणी येईल. काकांना हे पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तेव्हापासून त्यांनी पाइपाला दुखवलं नाही. सतरा वर्षं साठ घरं त्यांच्या आळसावर पाणी पीत होती आणि त्यांनाच गोगलगाय म्हणत होती. मुलाला सांगितलं नाही, कारण त्याचा मुकादम. सुनेला सांगितलं नाही, कारण तिचा मॅनेजर. ठाऊक होतं ते एका काकूंना, आणि त्यांच्या ओल्या हातांना.

मी धावत वर गेले. सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं, साहेबांची कॉलर धरायची होती. काका कुलूप लावत होते. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं. जवळ येऊन हळू म्हणाले, “बोललीस तर उद्या त्या भोकात सिमेंट भरतील. कागदावर आपलं ‘जादा’ आहे पोरी. हे जादा नाही, हे मी चोरलेलं आहे.”

मी गप्प बसले. आयुष्यात फार कमी वेळा बसलेय. अर्ज मागे घ्यायला गेले तर कचेरीत कारण विचारलं. काय सांगू? मोटार नको, का नको? दिरंगाई हवी, का हवी? माझ्याच अक्षरातले ते दोन शब्द साहेबांनी बोट ठेवून मला दाखवले. महिन्याभरात मोटार बसली. फीत कापताना ‘ज्यांच्या प्रयत्नांनी’ वगैरे म्हणून मला पुढे ओढलं. त्या फोटोत माझं तोंड कसं दिसतंय ते मी आजवर बघितलेलं नाही.

आता झडप तीन मिनिटांत बंद होते, तीन मिनिटांत उघडते. टाकीत तळ ओला होतो. दर दोन दिवसांनी टँकर येतो, तो खाणवाले पाठवतात आणि त्यावर आपलं नाव मोठ्या अक्षरात लिहितात. वाचलेला वेळ खाणीने आणि हॉटेलांनी आपसात वाटून घेतला. गावाला जादा तेवढंच, जेवढं कागदावर होतं.

काकांना वाटलं, आता सुटलो. चाक नाही, तर चाकवाला कशाला? ते किल्ली परत करायला गेले. दोन्हीकडे त्यांना खुर्ची दिली, पाणी विचारलं. दोन्हीकडे तेच बोलणं झालं, की मोटारीला बटण दाबायला जबाबदार माणूस लागतो, तुमच्याएवढा जुना दुसरा नाही, आणि आम्ही तुमच्याकडे, मुलाकडे, सुनेकडे एक कुटुंब म्हणूनच बघतो. आवाज कुणी चढवला नाही. काका किल्ली घेऊन परत आले.

आता ते त्याच पत्र्याच्या खोलीत बसतात. चाकांना साखळी घालून कुलूप लावलंय, त्याची किल्ली त्यांच्याकडे नाही. समोर चार बटणं. फोन येतो : बंद करा. ते लाल दाबतात. फोन येतो : सोडा. ते हिरवं दाबतात. एकदा त्यांनी हिरवं दाबायला मुद्दाम वेळ लावला, तर चौथ्या मिनिटाला दोन्ही कचेऱ्यांतून फोन आले. कुठलं बटण किती वाजता दाबलं, ते तिकडे पडद्यावर दिसतं. मॅनेजर आता त्यांना कौतुकाने एक्सप्रेस म्हणतो. घरी पळी आपटत नाही. मुकादमही उद्धार करत नाही. मुलगा खूश आहे. एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काका खुर्चीत बसल्या बसल्या उजवा हात हवेत जरासा वळवत होते, पाव फेरा, मग थांबत होते. त्यांना ठाऊक नसावं. काकूंनी मला खुणेने सांगितलं, बोलू नकोस.

आणि मग एका सकाळी एक बस घाटात पंक्चर झाली.

म्हातारी मंडळी होती बसमध्ये, दूरवरून आलेली. त्यांना धबधबा सुरू होताना बघायचा होता. हॉटेलवाले तसं सांगून जादा पैसे घेतात. मॅनेजरचा फोन आला, मंडळी अर्ध्या तासाने पोचतील, तोवर सोडू नका. करारानुसार खाणीची वेळ दहाला संपलेली, तिचं लाल बटण काकांनी दाबलेलं. दहानंतरचा वेळ हॉटेलांचा, त्यांनी तो उधळला तरी खाणीला बोलायची सोय नाही. दोन्ही तोंडं बंद. काका हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्यांना काहीच करायचं नव्हतं. चोरीसुद्धा नव्हती.

काकू टाकीपाशी होत्या. पाणी दुसऱ्या पायरीवर चढून वर चार बोटं गेलं.

त्या दिवशी काकांनीच मला बोलावलं. म्हणाले, आता ही सगळी गोष्ट लिही, माझी हरकत नाही, फक्त घरातल्यांना सांभाळून लिही. मी म्हटलं, आणि भोक बुजवलं तर? ते म्हणाले, “मोटार आल्यापासून ते भोक कोरडंच असतं, ते कोण बुजवतंय? आणि पाहुणे उशिरा आले, यात माझा काय गुन्हा?” बोलता बोलता ते हसले. मोटार आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

आम्ही ओरडलो तरी साहेबांनी चाक हलवलं नाही, अर्ज केला तर ते उलटंच फिरलं. तुमच्या शब्दाला मात्र हॉटेलात किंमत आहे, तुम्ही गिऱ्हाईक. तेव्हा एवढंच करा. कुठल्याही डोंगरातल्या, कुठल्याही हॉटेलात खोली घ्याल, आणि काउंटरवरचा माणूस म्हणेल की धबधबा दहाला सुरू होतो, तेव्हा त्याला सांगा, आम्हाला घाई नाही, आम्ही साडेदहाला येतो, आमच्यासाठी अर्धा तास उशिरा सोडा. आणि खरंच उशिरा या.

तेवढं कराल ना?